हेल्मेट उतरवलं, आता मैदान भरवायचंय

पत्रं, फोन, व्हॉट्सॲप सगळं मिळून या महिन्यात मोटारींच्या रेसबद्दल जे आलं त्यातले पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तो प्रश्न मी स्वतः पंधरा वर्षांपूर्वी कुणाला तरी विचारायला पाहिजे होता, विचारला नाही आणि फटका खाल्ला.

प्रश्न : नऊ वर्षं ऑटोक्रॉस (मोकळ्या रानात आखलेल्या ट्रॅकवर एक-एक गाडी घड्याळाविरुद्ध पळते ती रेस) आणि रॅली चालवली, आता मणक्याच्या दुखण्यामुळं डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. पण घरी बसवत नाही. कोल्हापुरात स्वतःची ऑटोक्रॉस भरवायची इच्छा आहे. ड्रायव्हर, मेकॅनिक सगळे ओळखीचे आहेत, कागलकडं एका पाहुण्याचं मोकळं रान पण मिळतंय. सुरुवात कुठनं करू? आणि एखाद्या क्लासमध्ये (गाड्यांच्या गटात) मी पण हळू पळवली तर चालेल का? – एक जुना ड्रायव्हर, शिरोली

भावा, ट्रॅकवरचा माणूस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, चालणार नाही. मणक्याचं डॉक्टर बघतील, मी त्याबद्दल बोलत नाही. स्वतःच्या इव्हेंटात गाडी पळवायची नाही, एक क्लास नाही, डेमो रन पण नाही.

मी पळवलीय म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी आयोजक मीच आणि सात नंबरची एन्ट्री पण माझीच. बेल्ट आवळून स्टार्टला उभा आहे, पुढच्याची रन संपायची वाट बघतोय, आणि खिडकीतनं एक पोरगं फोन आत घालतंय, दादा पाण्याचा टँकर गेटात अडकलाय, दादा पोलिसांची गाडी आलीय आयोजक कोण म्हणून विचारतायत, दादा पार्किंगला भांडण लागलंय. हेल्मेट घातल्यावर फोन कानाला लागत नाही हे त्या दिवशी कळलं. वर माझी वेळ क्लासमध्ये दुसरी आली, आणि तिसरा आलेला गडी आजपण भेटला की म्हणतो, मैदान तुझं, घड्याळ तुझं, मग काय. घड्याळ माझं नव्हतं, टायमिंगची माणसं पुण्याहून आणलेली, पण कुणाकुणाला सांगत बसणार.

खरी गोष्ट दुपारी झाली. शेवटच्या वळणात एका गाडीचं चाक खड्ड्यात बसलं आणि गाडी पलटी. ड्रायव्हर स्वतःच्या पायानं बाहेर आला पण खांदा धरून, डॉक्टरांनी बघितलं आणि कोल्हापूरला हलवा म्हणाले. ॲम्ब्युलन्स मी एकच ठरवली होती, ती गेली. सीओसीनं, म्हणजे क्लार्क ऑफ द कोर्स, ज्याच्या शब्दाबाहेर त्या दिवशी कुणी जायचं नसतं, त्यानं लाल झेंडा लावला आणि खुर्ची सावलीत ओढून बसला. मी तावातावानं गेलो, की अहो पब्लिक उन्हात बसलंय, सोळा गाड्या राहिल्यात, गडी ठीक आहे, सुरू करा. तो म्हणाला, ॲम्ब्युलन्स नाही तर रेस नाही, वाद घालायचा तर घाल, तेवढाच वेळ जाईल. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी काय बोललो ते आठवलं की आजपण कान तापतात, कारण मी आयोजक म्हणून बोलतच नव्हतो, माझी दुसरी रन राहिली होती म्हणून बोलत होतो! पुढच्या वर्षीपासनं दोन ॲम्ब्युलन्स आणि माझं हेल्मेट घरी माळ्यावर.

हे आपल्याकडंच असं नाही. 1978 ला इटलीत मोंझाला स्टार्टलाच मोठा अपघात झाला, ड्रायव्हर रॉनी पीटरसन जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. तिथं मदत पोचायला वेळ लागला म्हणून एफ वनचे, म्हणजे फॉर्म्युला वन रेसचे, डॉक्टर सिड वॉटकिन्स हटून बसले, भूलतज्ज्ञ पाहिजे, हेलिकॉप्टर पाहिजे, आणि पहिल्या लॅपला सगळ्या गाड्यांच्या मागनं डॉक्टरची गाडी पाहिजे. लगेच पुढच्या रेसपासनं ती गाडी मागनं धावायला लागली, आजपण धावते. टीव्हीवर बघशील तेव्हा लक्ष दे.

आता सुरुवात कुठनं. कागदापासनं. मोटरस्पोर्टची आपल्या देशातली मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय, तिची परवानगी घ्यायची, इव्हेंटची नियमावली आधी लिहून पाठवायची, सीओसी, स्टुअर्ड म्हणजे निवाडा करणारे पंच, स्क्रुटिनियर म्हणजे गाडी तपासणारा, ही माणसं परवानाधारक पाहिजेत, ड्रायव्हरकडं स्पर्धेचं लायसन पाहिजे, विमा पाहिजे. तुला हे सगळं ड्रायव्हरच्या बाजूनं माहीत आहे, म्हणजे स्क्रुटिनियरनं रोलकेज, म्हणजे गाडीतला लोखंडी सांगाडा, हलवून बघितला की तुला राग यायचा. आता तोच माणूस तुझा जीव वाचवणारा आहे, त्याला वेळेवर जेवण दे. शिवाय पोलिसांचं पत्र, ग्रामपंचायतीचं पत्र, आणि पाहुण्याचं पण पत्र, हो, पाहुण्याचं सुद्धा स्टॅम्पवर, कारण पाहुणे इव्हेंटच्या आदल्या दिवशी कसे बदलतात ते मी बघितलंय.

रान बघायला जाशील तेव्हा वळणं नंतर बघ, आधी शेजारी काय उभं आहे ते बघ. ऊस असला तर सावध. तुटलेल्या रानात पाचट पसरलेलं असतं, गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो, एक ठिणगी पुरे. एकदा आमच्याकडं पार्किंगमधल्या गाडीखालीच धूर निघाला, मैदानात नाही, पार्किंगमध्ये! टँकर धुळीवर पाणी मारायला आणलेला तोच धावला म्हणून निभावलं. तेव्हापासनं पार्किंगची जागा आधी नांगरून घेतो. जमीन काळी असेल तर अवकाळी पावसाच्या एका सरीत खेळ खलास, मुरमाड बघ.

मग पब्लिक. इथंच जुने ड्रायव्हर गंडतात, मी पण गंडलो. आपण ट्रॅक आखतो तो चालवायला मजा येईल असा, कडेच्या माणसाला काय दिसणार हा विचार डोक्यात येतच नाही. सपाट रानात दोरीमागं चार रांगा लागल्या की तिसऱ्या रांगेतल्याला पुढच्याची टोपी दिसते आणि वरनं धूळ मिळते. एकदा खासबागेत जाऊन बस, कुस्ती नसताना. शाहू महाराजांनी रोमचा आखाडा बघितला होता आणि 1912 ला खासबाग उभं राहिलं, बशीसारखं, मध्ये हौदा आणि चौफेर उतार, कुठंही बसा, पैलवानाची पाठ लागली का नाही ते दिसणारच. प्रमोटर म्हणायचं तर कोल्हापुरात त्यांच्याएवढा मोठा कोण नाही. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण जेसीबी ट्रॅकला लावणारच आहेस तर निघालेल्या मातीचा एका बाजूला बांध घाल, वारा येतो त्या अंगाला, म्हणजे धूळ पलीकडं जाईल. दोन तासांचं जास्तीचं भाडं, पण लोक पुढच्या वर्षी परत येतात ते त्या बांधामुळं.

तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये रविवार मोकळा दिसला म्हणून धरू नको. जोतिबाची यात्रा, गावोगावच्या म्हाया म्हणजे जत्रा, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचा फुटबॉल सामना असेल त्या दिवशी एफ वनची गाडी आणून उभी केलीस तरी पेठेतनं माणूस येणार नाही.

पैशाचं थोडक्यात. एन्ट्री फीतनं टायमिंगचा खर्च आणि मार्शलचं जेवण निघालं तरी लई झालं. बाकी सगळं स्पॉन्सरवर, आणि तोंडी शब्दावर फ्लेक्स छापायचा नाही. एकानं मला "पोरांनो करा, आपण आहे" म्हणून सांगितलं, मी त्यांचं नाव सगळ्यात मोठं छापलं, आणि शेवटी त्यांच्याकडनं आल्या दोनशे टोप्या. चांगल्या होत्या टोप्या. अजून आहेत.

प्रश्न : एफ वनचा मालक बर्नी एक्लस्टन हा स्वतः पण रेसर होता असं मित्र म्हणतो, खरं आहे का? आणि असे अजून कोण आहेत? – कॉलेजचा पोरगा, गारगोटी

मित्र बरोबर, पण मालक म्हणण्यात घोळ आहे, त्याचं पुढच्या उत्तरात. एक्लस्टन 1930 चा जन्म, तरुणपणी 500 सीसीच्या छोट्या फॉर्म्युला थ्री गाड्या चालवायचा, आणि पोटाचा धंदा म्हणजे सेकंडहँड मोटारसायकल आणि गाड्यांची खरेदी-विक्री. 1958 ला कॉनॉट नावाच्या बंद पडलेल्या टीमच्या गाड्या विकत घेऊन मोनॅकोला गेला, स्वतः पण बसला, पण पात्रता फेरीतच बाद. त्याच साली तो ज्याचा मॅनेजर होता तो ड्रायव्हर स्टुअर्ट लुइस-इव्हान्स मोरोक्कोच्या रेसमध्ये भाजला आणि काही दिवसांनी गेला, मग एक्लस्टन बरीच वर्षं रेसिंगपासनं लांबच राहिला. मग परत आला, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॅभम टीम घेतली, आणि बघितलं की प्रत्येक टीम प्रत्येक ट्रॅकवाल्याशी वेगवेगळी घासाघीस करते. तो म्हणाला, सगळ्यांच्या वतीनं मी बोलतो. गुळाच्या सौद्यात एक-एक शेतकरी अडत्यापुढं उभा राहिला तर काय होतं आणि सगळे मिळून उभे राहिले तर काय होतं, तेवढाच फरक, फक्त इथं एकत्र आणणारा हळूहळू स्वतःच अडत्या झाला. ती गादी 2017 पर्यंत टिकली, मग लिबर्टी मीडियानं एफ वन घेतलं.

मला स्वतःला दुसरा माणूस जास्त आवडतो, जोनाथन पामर. शिकला डॉक्टरकी, 1981 ला ब्रिटिश फॉर्म्युला थ्री चॅम्पियन, 1983 ला युरोपियन फॉर्म्युला टू चॅम्पियन, मग 1989 पर्यंत एफ वन. तिथं फार मोठी गाडी कधी मिळाली नाही, 1987 ला टिरेल टीममधनं बिनटर्बोवाल्या गाड्यांमध्ये पहिला आला तेवढं. पण पुढं बघ काय केलं. कंपन्यांच्या पाहुण्यांना रेसच्या गाड्या चालवायला देणारा धंदा काढला, 1998 ला स्वतःची एक सिरीज काढली, त्यात सगळ्या गाड्या एकसारख्या आणि सगळ्या त्याच्याच, सांभाळायला पण त्याचेच मेकॅनिक, ड्रायव्हरनं पैसे भरायचे आणि हेल्मेट घेऊन यायचं. आणि 2004 ला ब्रँड्स हॅच, औल्टन पार्क, स्नेटरटन, कॅडवेल पार्क असे चार ट्रॅकच विकत घेतले. ब्रँड्स हॅचलाच त्याची पहिली एफ वन रेस झाली होती, म्हणजे ज्या मैदानात खेळला ते मैदानच घेतलं. त्याच्या एमएसव्ही कंपनीनं पुढं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री भरवली, आणि त्यातच 2017 ला आपला कृष्णराज महाडिक धावला, कोल्हापूरचा. लांबची गोष्ट वाटते, लांबची नाही.

आपल्या देशात बघायचं तर अकबर इब्राहिम जुने रेसर, त्यांच्या मेको मोटरस्पोर्ट्सनं राष्ट्रीय कार्टिंग, म्हणजे गो-कार्टच्या रेस, वर्षानुवर्षं चालवलं, त्याच्या फेऱ्या आपल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर पण झाल्यात, तेव्हा देशभरातली पोरं आईबापासकट कोल्हापुरात आली होती. त्यांचा मुलगा अरमान आणि आदित्य पटेल, दोघे पण रेसर, दोघांनी मिळून 2019 ला एक्सवन रेसिंग लीग काढली, दिल्लीजवळ बुद्ध सर्किटला आणि चेन्नईला रेस झाल्या, आणि पुढच्या वर्षी कोरोना. नशीब म्हणायचं दुसरं काय.

प्रश्न : प्रमोटर, ऑर्गनायझर, फेडरेशन, हे सगळे एकच का? आणि भारतातली एफ वन तीनच वर्षांत का गुंडाळली? – एक वाचक, इचलकरंजी

तिन्ही वेगळे. नियम करणारा आणि शिक्षा करणारा वेगळा, जगात एफआयए, आपल्याकडं एफएमएससीआय. प्रत्यक्ष मैदानात झेंडे, मार्शल, टायमिंग बघणारा तो ऑर्गनायझर, बहुतेक वेळा एखादा क्लब. आणि पैसा लावणारा, तिकीट विकणारा, बुडाला तर बुडणारा तो प्रमोटर. गावच्या मैदानात पंच, यात्रा कमिटी आणि देणगीदार असतात तसं धर. छोट्या इव्हेंटला शेवटचे दोघं एकच असतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

एफ वनमध्ये अजून एक थर असतो. टीव्हीचे आणि जाहिरातीचे हक्क एफ वनच्या कंपनीकडं, आणि ज्या देशात रेस होते तिथला प्रमोटर त्या कंपनीला रेस आणायची फी देतो, वर ट्रॅक स्वतः बांधतो, आणि त्याच्या हातात मुख्यतः काय राहतं, तर तिकीट. नोएडाजवळ जेपी ग्रुपनं पाच किलोमीटरवर लांबीचा बुद्ध सर्किट बांधला, 2011, 2012, 2013 तिन्ही वर्षं ड्रायव्हर सेबास्टियन फेटेल जिंकला, ट्रॅक ड्रायव्हरांना आवडला, सगळं झालं, पण उत्तर प्रदेश सरकार म्हणालं हा खेळ नाही, करमणूक आहे, करमणूक कर भरा. कस्टमची भानगड वेगळी. आणि आयकराचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2017 ला निकाल लागला की रेस भारतात होते, ट्रॅकचा ताबा त्या दिवसांत एफ वनच्या कंपनीकडं असतो, तर इथल्या कमाईवर इथं कर लागणार. तोवर गाड्या कधीच गेल्या होत्या. त्याच ट्रॅकवर 2023 ला मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक रेस, झाली, 2024 ला नाही झाली.

रस्त्यावरच्या रेसचं म्हणशील तर चेन्नईत 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरला रात्रीची झाली, आयलंड ग्राउंडच्या भोवती, सरकारी रस्ते बंद करून. ती आधी डिसेंबर 2023 ला ठरली होती, मिचाँग चक्रीवादळ आलं आणि पुढं गेली. विचार कर, तिकीटं, बॅरिअर, हॉटेलं सगळं ठरलेलं आणि शहर पाण्यात. मला टँकर गेटात अडकला तर घाम फुटला होता.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. इन्स्टाग्रामवर एकानं रात्रीच्या ड्रॅग रेसची जाहिरात टाकलीय, बायपासवर, एन्ट्री पंधराशे रुपये. भरवणारा जुना चॅम्पियन आहे म्हणतात. मुलगा ऐकत नाही. – एक आई, राजारामपुरी

ताई, चॅम्पियन असो नाहीतर आणि कोण असो, बायपासवर होते ती रेस नव्हे, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 189, सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पळवणारा आणि पळवू देणारा दोघांना तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मुलगा अठराच्या आतला आहे, त्यामुळं त्यानं गुन्हा केला तर कलम 199 ए प्रमाणं पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार, तिथं पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. हे त्याच्या वडिलांना वाचून दाखवा, मुलाला नंतर.

आणि त्या "चॅम्पियन"ला एकच मेसेज टाका, की एफएमएससीआयचं परमिट आणि नियमावलीची प्रत पाठवा. खरा असला तर लगेच पाठवेल, आम्हाला ती दाखवायची हौसच असते, एवढा त्रास काढून मिळवलेली असते ती. खोटा असला तर ब्लॉक करेल, काम झालं.

पण ताई, पोराला नुसतं नको म्हणू नका. पंधराशे द्यायची तयारी आहेच तर गो-कार्टच्या ट्रॅकवर घेऊन जा, तुम्ही पण थांबा तिथं. आठ-दहा लॅप मारून खाली उतरला की हात थरथरतात पोरांचे, स्टिअरिंग धरून. माझे थरथरले होते, चहाचा कप धरता येत नव्हता. त्यानंतर बायपासवर सरळ पळण्यात काय शौर्य आहे हे त्याचं तोच विचारेल, नाही विचारलं तर मला परत लिहा.

प्रश्न : बैलगाडीच्या शर्यतीला माणूस मावत नाही आणि तुमच्या मोटारींच्या रेसला खुर्च्या रिकाम्या, असं का? – एक शौकीन, कागल

दुखत्या जागेवर बोट ठेवलंत! बैलगाडी शर्यतीवर 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी आली, 2023 ला घटनापीठानं शर्यतीला परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, आणि एवढी वर्षं बंद असून पहिल्याच मैदानाला तोबा गर्दी. आमचा एक इव्हेंट दोन वर्षं चुकला की लोक नाव विसरतात.

गट, सेमी, फायनल, हे बघणाऱ्याला लगेच कळतं. कोण पुढं ते डोळ्याला दिसतं. आमच्याकडं ऑटोक्रॉसला एक-एक गाडी घड्याळाविरुद्ध पळते, आणि कोण पुढं आहे ते फक्त टायमिंगच्या टेबलावर बसलेल्या दोन माणसांना माहीत असतं. पण मुख्य फरक निवेदकाचा. बैलाचं नाव, मालकाचं गाव, मागच्या मैदानात काय झालं, ड्रायव्हर कोणाच्या तालमीतला, सगळं तोंडपाठ, आणि श्वास न घेता. आम्ही काय करतो, तर इंग्रजी शाळेतलं एक पोरगं माइकवर उभं करतो आणि ते "नेक्स्ट कार नंबर ट्वेल्व्ह" म्हणतं.

गेल्या वर्षी मी म्हटलं आपण पण शर्यतीचाच निवेदक आणायचा. सांगली भागातला एक चांगला गाठला, गाड्यांची माहिती लिहून द्यायची तयारी केली, पैसे ठरले, आणि तारीख सांगितल्यावर त्यानं वही उघडली. फाल्गुन, चैत्र, वैशाख, सगळ्या पानांवर गावांची नावं. आषाढात मोकळा आहे म्हणाला. आषाढात कोल्हापुरात ऑटोक्रॉस घ्यायची तर गाड्यांऐवजी होड्या आणाव्या लागतील.